शुगर-फ्री गोळ्या, रंगांवरचा संशय आणि सात वर्षांच्या मुलीची पोटदुखी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मुलगी सात वर्षांची, वजन २२ किलो, उंची वयाला साजेशी. घरात आई, वडील आणि आजी. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. दुधाच्या दोन दाढा किडल्या होत्या. दंतवैद्यांनी त्या भरल्या आणि गोळ्या-चॉकलेटं कमी करायला सांगितलं. मुलगी गोडाची हट्टी असल्यामुळे घरच्यांनी मधला मार्ग काढला: गोळ्या तशाच ठेवल्या, साखर काढली. साखरेच्या गोळ्यांच्या जागी शुगर-फ्री फळांच्या गोळ्या, शुगर-फ्री च्युइंगम आणि ‘साखर न घातलेलं’ चॉकलेट आलं. दातांना अपाय नाही म्हटल्यावर मोजायची गरजही कुणाला वाटली नाही.

महिनाभरात संध्याकाळी पोटात कळ येणं सुरू झालं. पोट फुगायचं, वारा सरायचा, काही दिवशी तीन-चार वेळा पातळ शौचाला जावं लागायचं. त्याच सुमारास मुलगी संध्याकाळी चिडचिडी आणि सैरभैर असते, अभ्यासाला बसत नाही, झोप लागत नाही, असंही आजीच्या लक्षात आलं.

कृत्रिम रंगांमुळे मुलं चंचल होतात हे आईने वाचलं होतं. पोट आणि चंचलपणा दोन्हींचं खापर रंगांवर फुटलं. घरात उरलेल्या सगळ्या रंगीत गोळ्या फेकून दिल्या. या गोळ्या आजी अधूनमधून द्यायची आणि त्या साखरेच्या होत्या. त्यांच्याऐवजी ‘नैसर्गिक रंग’ असं पाकिटावर छापलेल्या शुगर-फ्री गोळ्यांचा मोठा डबा आणला. त्यानंतर पोटदुखी कमी न होता वाढली. आहारतज्ज्ञांकडे आल्यावर आईचं पहिलं वाक्य होतं, “आम्ही तर रंगच बंद केलेत, मग असं का होतंय?”

अडचण नेमकी कुठे होती

एका वेळी चार गोष्टी बदलल्या होत्या: साखर गेली, गोडवा आणणारे दुसरे पदार्थ आले, कृत्रिम रंग गेले आणि गोळ्यांची एकूण संख्या वाढली. अशा वेळी ‘हे बंद केलं, तरी त्रास थांबला नाही’ या निरीक्षणातून काहीच सिद्ध होत नाही. त्यात दोन वेगळ्या तक्रारी, पोटाची आणि वागण्याची, एकाच धाग्यात ओवल्या गेल्या होत्या.

पहिला निर्णय असा घेतला की दोन्ही तक्रारी वेगळ्या तपासायच्या, आणि आधी पोट. कारण पोटाचं मोजमाप करता येतं: शौच किती वेळा, कसं, कळ किती वाजता. चिडचिडीला असं सरळ माप नाही, आणि पोट दुखणारं मूल चिडचिड करणारच.

गोळ्यांमधल्या कोणत्याही घटकावर बोट ठेवण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांची तपासणी झाली. हे टाळून चालत नाही. वजन घटणं, शौचावाटे रक्त, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, ताप, वारंवार उलट्या किंवा वाढ खुंटणं यांपैकी काहीही असेल, तर खाण्याचे प्रयोग करत बसायचं नाही. इथे यातलं काही नव्हतं. शौचाची तपासणी आणि सीलिअॅक आजाराची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो) रक्तचाचणी करून घेतली, दोन्ही निर्दोष आल्या. सीलिअॅकची चाचणी गव्हाचे पदार्थ खाण्यात चालू असतानाच करावी लागते. आधी गहू बंद करून मग चाचणी केली तर खोटा दिलासा मिळू शकतो.

संशयितांची यादी

घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत भरून आणायला सांगितली. फोटो नको, पाकिटंच हवीत, कारण घटकांची यादी पाकिटाच्या दुमडीवर बारीक अक्षरात असते आणि फोटोत नेमकी तीच सुटते. पिशवीतून निघालेले घटक असे होते (कंसातले आकडे म्हणजे पाकिटावर छापतात ते घटकांचे क्रमांक).

रंग. जुन्या, साखरेच्या गोळ्यांत टार्ट्राझिन (१०२), सनसेट यलो (११०) आणि कार्मोयसिन (१२२). नव्या गोळ्यांत कर्क्युमिन (१००) आणि अँथोसायनिन (१६३). चंचलपणाची चर्चा ज्या सहा रंगांभोवती फिरते ते म्हणजे १०२, १०४, ११०, १२२, १२४ आणि १२९. साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या २००७ सालच्या अभ्यासात रंगांचं मिश्रण आणि सोडियम बेन्झोएट (२११) हा पदार्थ टिकवणारा घटक असलेलं पेय तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना दिलं होतं. काही मुलांमध्ये चंचलपणा वाढला. सरासरी परिणाम छोटा होता आणि सगळ्या मुलांत सारखा नव्हता. त्यानंतर युरोपीय संघाने जुलै २०१० पासून या सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या हालचाली आणि लक्ष यांवर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापणं बंधनकारक केलं. म्हणजे आईची शंका निराधार नव्हती. पण ती वागण्याबद्दलची शंका होती. हे रंग काही जणांच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठवू शकतात. रोज संध्याकाळी पोट फुगून पातळ शौच होणं मात्र त्यांच्या खात्यात सहजी बसत नाही.

इथे ‘नैसर्गिक रंग’ या शब्दांबद्दलही बोलायला हवं. कार्माइन (१२०) नैसर्गिकच आहे, कोचिनील किड्यापासून काढतात, आणि तरीही त्याच्यामुळे तीव्र अॅलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. नैसर्गिक म्हणजे निर्धोक आणि कृत्रिम म्हणजे घातक ही वाटणी लेबल वाचताना उपयोगी पडत नाही.

तीव्र गोडवा आणणारे पदार्थ. शुगर-फ्री गोळ्यांत अॅसेसल्फेम के (९५०) आणि सुक्रालोज (९५५), च्युइंगममध्ये अॅस्पार्टेम (९५१). वडिलांना अॅस्पार्टेमची जास्त धास्ती होती, कारण जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला ‘शक्यता असलेल्या’ गटात, म्हणजे २बी मध्ये टाकल्याची बातमी त्यांनी वाचली होती. त्याच वेळी अन्नघटकांच्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा दर किलो वजनाला ४० मिलिग्रॅम हीच कायम ठेवली, हे त्या बातमीत आलं नव्हतं. २२ किलोच्या मुलीसाठी ती मर्यादा ८८० मिलिग्रॅम होते. च्युइंगमच्या एका तुकड्यात अॅस्पार्टेम काही मिलिग्रॅमच असतं. फिनाइलकीटोन्यूरिया हा प्रथिनांतला एक घटक न पचण्याचा जन्मजात आजार असलेल्या मुलांना ते अजिबात चालत नाही, पण इथे तो प्रश्न नव्हता.

आम्ल. सायट्रिक आम्ल (३३०) जवळजवळ प्रत्येक फळांच्या गोळीत होतं. त्याचा संबंध दातांशी येतो, तो पुढे पाहू.

पॉलीऑल, म्हणजे साखरेच्या जागी वापरतात ती शुगर अल्कोहोल. गोळ्यांत आयसोमाल्ट (९५३), चॉकलेटमध्ये माल्टिटॉल (९६५), च्युइंगममध्ये सॉर्बिटॉल (४२०) आणि झायलिटॉल (९६७). प्रत्येक पाकिटावरच्या घटकांच्या यादीत यांचं नाव पहिलं किंवा दुसरं होतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे पहिलं नाव म्हणजे त्या पदार्थाचा सर्वांत मोठा वाटा. रंग आणि अॅस्पार्टेम मिलिग्रॅममध्ये मोजावे लागतात. पॉलीऑल ग्रॅममध्ये येतात, कारण साखर काढल्यावर गोळीचा जो गाभा उरवायचा असतो तो त्यांचाच बनतो. आयसोमाल्टची गोडी साखरेच्या निम्म्याच्या आसपास असते, म्हणून वर सुक्रालोजसारखा तीव्र गोड पदार्थ चिमूटभर घालतात. लोक घाबरतात त्या चिमटीला, आणि गोळीचं जवळजवळ सगळं वजन ज्याचं आहे त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

वजनकाट्यावरचा हिशेब

पाकिटामागच्या पोषण-तक्त्यात कर्बोदकांच्या खाली ‘पॉलीऑल’ अशी ओळ असते. ती ओळ आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा एवढ्यावर हा हिशेब झाला. दहा गोळ्या एकत्र तोलल्या, ३० ग्रॅम भरल्या, म्हणजे एक गोळी ३ ग्रॅम. तक्त्यात १०० ग्रॅममागे पॉलीऑल ९६ ग्रॅम.

शाळेच्या एका सर्वसाधारण दिवशी मुलगी पाच गोळ्या खायची: ५ × ३ × ०.९६ = १४.४ ग्रॅम. च्युइंगमचे दोन तुकडे, प्रत्येकी दीड ग्रॅम, त्यात सुमारे ६५ टक्के पॉलीऑल, म्हणजे साधारण २ ग्रॅम. चॉकलेटचे चार चौकोन, २० ग्रॅम, १०० ग्रॅममागे ३८ ग्रॅम माल्टिटॉल, म्हणजे ७.६ ग्रॅम. बेरीज २४ ग्रॅम.

२२ किलोच्या शरीरात रोज २४ ग्रॅम, म्हणजे दर किलोला एक ग्रॅमच्या थोडं वर. ६० किलोच्या माणसासाठी हेच प्रमाण ६५ ग्रॅम होतं. तुलनेसाठी: सॉर्बिटॉलच्या १० ग्रॅमनेसुद्धा अनेक प्रौढांचं पोट फुगतं. अमेरिकेच्या नियमांत, ज्या पदार्थातून दिवसाला ५० ग्रॅम सॉर्बिटॉल पोटात जाण्याची शक्यता आहे, त्यावर अतिसेवनाने रेचक परिणाम होऊ शकतो असा इशारा लागतो. युरोपीय संघात १० टक्क्यांपेक्षा जास्त पॉलीऑल घातलेल्या पदार्थावर तसाच इशारा लागतो. या घरातल्या गोळ्यांच्या डब्यावरही ती ओळ होती, तळाशी, बारकोडच्या शेजारी.

पोटात घडतं ते असं. पॉलीऑल लहान आतड्यात अर्धवटच शोषले जातात. आयसोमाल्ट आणि माल्टिटॉल आधी तोडावे लागतात आणि ते काम सावकाश व अपुरं होतं. माल्टिटॉल तुटल्यावर ग्लुकोजसोबत पुन्हा सॉर्बिटॉलच तयार होतं. न शोषलेला भाग आतड्यात पाणी ओढून घेतो, त्यामुळे शौच पातळ होतं. पुढे मोठ्या आतड्यात जिवाणू त्याला आंबवतात, वायू तयार होतो, पोट फुगतं आणि कळ येते. खाल्ल्यापासून कळ येईपर्यंत काही तास जातात. ही मुलगी शाळेच्या मधल्या सुट्टीत आणि घरी परतल्यावर गोळ्या खायची आणि कळ संध्याकाळी उठायची. वेळ जुळत होती.

समोरचे पर्याय

एक पर्याय होता सगळ्याच गोळ्या-चॉकलेटं बंद करण्याचा. आजीचा कल तिकडेच होता. त्याने त्रास बहुधा थांबलाही असता. पण कशाने थांबला ते कळलं नसतं, आणि हट्टी मुलीच्या बाबतीत संपूर्ण बंदी किती दिवस टिकली असती हाही प्रश्न होताच. बंदी मोडली की पहिल्याच पोटदुखीला पुन्हा रंगांवरच संशय गेला असता.

दुसरा पर्याय, श्वासातल्या हायड्रोजनची चाचणी. न पचलेली साखर जिवाणूंनी आंबवली की हायड्रोजन रक्तात आणि तिथून श्वासात येतो, तो मोजतात. पण चाचणीत एकदम मोठी मात्रा देतात आणि तेवढ्या मात्रेला पुष्कळ निरोगी माणसांचाही निकाल ‘होकारार्थी’ येतो. पॉलीऑल न पचणं हा रोग नाही, तो सगळ्यांच्या आतड्याचा स्वभाव आहे, फक्त पातळी वेगळी. म्हणून ही चाचणी बाजूला ठेवली.

तिसरा पर्याय दूध बंद करून पाहण्याचा. या वयानंतर दुधातली साखर पचवण्याची क्षमता अनेकांत कमी होते, त्यामुळे ही शंका वाजवी होती. पण मुलगी आधीपासून तेवढंच दूध पीत होती आणि त्रास नवा होता. दूध न बदलता तसंच चालू ठेवायचं ठरलं, म्हणजे नंतर त्याचा घोळ होणार नाही.

निवडला तो चौथा: फक्त पॉलीऑल काढायचे आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. याचा अर्थ कृत्रिम रंगांच्या, साखरेच्या दोन गोळ्या रोज जेवणानंतर पुन्हा सुरू करायच्या. आईला हे पटायला वेळ लागला. ज्याची भीती आहे तीच वस्तू मुलीला मुद्दाम द्यायची, आणि दातांचं काय? दातांसाठी वेळ ठरवली: दुपारच्या जेवणाला लागून, मग लगेच चूळ. पंधरा दिवसांपुरतं असं आधीच सांगितलं. रंग चालू ठेवण्याचं कारण एकच होतं: दोन्ही एकदम काढले असते तर श्रेय कुणाचं हा वाद तसाच राहिला असता.

काय केलं

पहिले सात दिवस काहीच बदललं नाही, फक्त नोंद ठेवली. वहीत पाच रकाने: खाल्लेली वस्तू आणि नग, वेळ, कळ (शून्य ते दहा, चेहऱ्यांच्या चित्रांवर मुलीनेच बोट ठेवायचं), शौचाची वेळ, आणि शौच किती घट्ट-पातळ ते दाखवणाऱ्या ब्रिस्टल तक्त्यातला प्रकार. या तक्त्यात एक ते सात प्रकार असतात. सहा आणि सात म्हणजे पातळ. सात दिवसांत पाच दिवस कळ आली आणि चार दिवस सहा किंवा सात नंबरचं शौच झालं. सर्वांत वाईट दिवस सुट्टीचा निघाला. त्या दिवशी डबा मुलीच्या हाताशी होता आणि आठ गोळ्या संपल्या होत्या.

पुढचे चौदा दिवस पॉलीऑल बंद. गोळ्यांचा डबा घरातून हलवला, कारण कपाटात वर ठेवलेला डबा मुलांना सापडतो. सफरचंद आणि नासपतीचा रस थांबवला, या फळांत सॉर्बिटॉल मुळातच असतं. सबंध फळ चालू ठेवलं, पण केळं आणि संत्रं. टूथपेस्टमध्येही सॉर्बिटॉल असतं. ती थुंकली जाते, गिळली जाणारी मात्रा नगण्य, म्हणून तशीच ठेवली. असल्या ठिकाणी काटेकोरपणा करत बसलं की घरचे थकतात आणि मुख्य पथ्य सुटतं.

तिसऱ्या दिवसापासून कळ थांबली. पाचव्या दिवशी शौच चार नंबरवर, म्हणजे नेहमीसारखं, आलं.

मध्येच उलटलेले तीन दिवस

आठव्या दिवशी पोट पुन्हा दुखलं. नवव्या दिवशी पातळ शौच, दहाव्यालाही तेच. वहीत गोळ्यांची चूक नव्हती. शाळेत कुणी काही दिलं नव्हतं. “म्हणजे रंगच,” असं म्हणून आईने रंगीत गोळ्या बंद करायची तयारी केली.

नोंदवही पुन्हा वाचताना आहारतज्ज्ञांनी ‘आणखी काही तोंडावाटे गेलं का, औषधासकट?’ असा प्रश्न विचारला. सातव्या दिवशी सर्दी-खोकल्यासाठी सिरप सुरू झालं होतं. ते खाणं नाही म्हणून वहीत लिहिलंच नव्हतं. बाटलीवर ठळक अक्षरात ‘शुगर-फ्री’, आणि घटकांत सॉर्बिटॉलचं द्रावण. औषधविक्रेत्याकडून माहितीपत्रक मिळवलं: ५ मिलिलिटरला सुमारे २ ग्रॅम सॉर्बिटॉल. दिवसातून तीनदा, म्हणजे ६ ग्रॅम. आणि सॉर्बिटॉल आयसोमाल्टपेक्षा कमी मात्रेत पोट बिघडवतं.

सिरप लाल होतं आणि त्यात कार्मोयसिन (१२२) होतं. रंग आणि सॉर्बिटॉल एकाच चमच्यातून जात होते. इथे आधी घेतलेला निर्णय कामाला आला: त्याच १२२ नंबरच्या रंगाच्या गोळ्या मुलगी पॉलीऑल बंद केल्यापासूनचे पहिले सात दिवस रोज खात होती आणि त्यातले शेवटचे पाच दिवस पोट शांत होतं. रंग दोन्हीकडे होता, सॉर्बिटॉल फक्त सिरपात. सिरप घरच्यांनी स्वतःहून थांबवलं नाही. बालरोगतज्ज्ञांना फोन केला, खोकला किरकोळ होता, त्यांनी ते बंद करायला सांगितलं. दोन दिवसांत पोट पूर्ववत झालं. चौदा दिवसांचा काळ एकोणीस दिवसांपर्यंत वाढवला, म्हणजे मधली गडबड सोडून सलग आठ शांत दिवस मिळाले.

पुन्हा देऊन पाहणं

काढून बरं वाटलं एवढ्यावर थांबणं बऱ्याच घरांत होतं. पण आपोआप बरं होण्याचाही काळ असतो, म्हणून परत देऊन पाहावं लागतं. बालरोगतज्ज्ञांच्या संमतीने शुगर-फ्री गोळी दुपारच्या जेवणानंतर सुरू केली. पहिले तीन दिवस एक, पुढचे तीन दोन, मग तीन, मग चार. नियम असा की कळ चेहऱ्यांच्या तक्त्यावर चारच्या वर गेली किंवा पातळ शौच झालं की तिथेच थांबायचं, पुढची पायरी चढायची नाही.

एका आणि दोन गोळ्यांना काहीच झालं नाही. तीन गोळ्यांना वारा आणि थोडं पोट फुगणं. चार गोळ्यांच्या पहिल्याच दिवशी, म्हणजे साडेअकरा ग्रॅमला, संध्याकाळी कळ सहावर गेली आणि पातळ शौच झालं. तिथे थांबवलं. या मुलीची सोसण्याची मर्यादा त्या गोळीच्या बाबतीत साधारण सहा ते नऊ ग्रॅमच्या दरम्यान आहे, असं धरलं. भरल्या पोटी मर्यादा थोडी वर जाते, रिकाम्या पोटी खाली येते. म्हणून मधल्या सुट्टीत रिकाम्या पोटी खाल्लेल्या गोळ्या जास्त त्रास देत होत्या.

रंगांची वेगळी चाचणी

चिडचिड अजून बाकी होती, आणि आईला रंगांबद्दल सरळ उत्तर हवं होतं. घरच्या घरी करता येईल अशी आंधळी चाचणी बसवली. एकाच कंपनीच्या रंगीत आणि बिनरंगी, दोन्ही साखरेच्या गोळ्या घेतल्या. सहा गोळ्या थोड्या गरम पाण्यात विरघळवून ते पाणी कोकोच्या पुडिंगमध्ये मिसळायचं. आधी ते सरबतात घालायचा विचार होता. पण रंगाने जीभ लाल होते आणि संध्याकाळी पाहणाऱ्याला लगेच कळतं. कोकोत रंग लपतो आणि जीभ दोन्ही दिवशी तपकिरीच दिसते. पुडिंग मावशी बनवायची. नाणं उडवून कोणत्या दिवशी कोणतं ते ठरवायचं आणि चिठ्ठी लिफाफ्यात बंद करायची. आठ दिवस, चार रंगाचे, चार बिनरंगाचे. गुण देणाऱ्या दोघी, आजी आणि संध्याकाळच्या खेळाच्या वर्गातल्या ताई, दोघींनाही दिवस माहीत नव्हता.

लिफाफा उघडला तेव्हा गुणांत काही नक्षी दिसली नाही. आजीने सर्वांत जास्त चंचलपणाचे गुण दिलेले दोन्ही दिवस बिनरंगाचे होते. आठ दिवसांच्या चाचणीतून बारीक परिणाम सापडणार नाही, हे आईला स्पष्ट सांगितलं. एवढं मात्र म्हणता आलं की घरात दिसणारी ठळक चिडचिड रंगांमुळे नव्हती. पोट थांबल्यावर झोप सुधारली आणि संध्याकाळचा सैरभैरपणाही बराच उतरला.

निष्पत्ती

घरात ठरलेली पद्धत अशी. शुगर-फ्री गोळ्या दिवसाला जास्तीत जास्त दोन, तेही जेवणानंतर. त्याच दिवशी शुगर-फ्री चॉकलेट नाही, कारण बेरीज सगळ्यांची मिळून होते. आठवड्यातून दोनदा साधं, साखरेचं गोड, जेवणाला लागूनच. रंगीत की बिनरंगी यावर बंदी नाही. तरी सहा रंगांपैकी कोणता टाळता येत असेल तर आई टाळते, आणि त्यात तोटा काहीच नाही.

दंतवैद्यांशी पुन्हा बोलणं झालं तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली. शुगर-फ्री गोळीने कीड लागत नाही, पण सायट्रिक आम्लाने दाताचं कवच झिजतं. तोंडाची आम्लता वाढून पीएच साडेपाचच्या आसपास खाली गेला की कवचातली खनिजं विरघळू लागतात. लाळेला ते सावरायला अर्धा तास आणि त्याहून जास्त लागतो. दिवसभर एकामागून एक आंबट गोळी चोखली की सावरायला वेळच मिळत नाही. त्यामुळे साखर असो वा नसो, किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करायचा नाही, आधी चूळ, ब्रश अर्ध्या तासाने.

तीन महिन्यांनी नोंदवही पुन्हा आठवडाभर भरून घेतली. कळ एकदाच, वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. वजन वयाप्रमाणे वाढलं होतं.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

औषधांचा रकाना वहीत पहिल्या दिवसापासून हवा: सिरप, व्हिटॅमिनच्या चघळायच्या गोळ्या, घशासाठी चोखायच्या गोळ्या. यांत पॉलीऑल सर्रास असतात आणि घरचे त्यांना खाण्यात धरत नाहीत. या प्रकरणात पाच दिवस त्यामुळे जास्त गेले.

वजनाचा हिशेब पहिल्याच भेटीत करता आला असता. पाकिटाची पॉलीऑलची ओळ, नगाचं वजन आणि मुलाचं वजन, तीन आकडे पुरतात. दर किलोला अर्ध्या ग्रॅमच्या वर बेरीज जात असेल आणि पोटाची तक्रार असेल, तर धोक्याची लक्षणं नाहीत याची खात्री करून आधी तिथेच हात घालावा, रंगांची चाचणी नंतर. तक्त्यात ती ओळ नसेल तर घटकांच्या यादीत ४२०, ४२१, ९५३, ९६५, ९६६, ९६७ हे क्रमांक किंवा सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, आयसोमाल्ट, माल्टिटॉल, लॅक्टिटॉल, झायलिटॉल ही नावं शोधावीत. पहिल्या तीन नावांत असेल तर मात्रा मोठी आहे. एरिथ्रिटॉलचा (९६८) बहुतेक भाग लहान आतड्यातच शोषला जाऊन लघवीतून बाहेर पडतो, म्हणून त्याने पोट तुलनेने कमी बिघडतं.

परत देऊन पाहताना चार गोळ्यांची पायरी गाळता आली असती. तीन गोळ्यांना पोट फुगलं होतं, घरच्यांना उत्तर मिळालेलं होतं, चौथीने मुलीला एक वाईट संध्याकाळ दिली आणि माहितीत फार भर पडली नाही. रंगांच्या चाचणीला आठ दिवस कमी पडले. मुलं तयार असतील तर सोळा दिवस करावेत आणि गुण देण्याआधी प्रश्न लेखी ठरवावेत: जेवताना किती वेळा उठली, सांगितलेलं काम पूर्ण केलं का, झोपायला किती वेळ लागला. ‘किती चंचल होती’ असा मोघम प्रश्न ठेवला की आजीचे गुण आणि ताईंचे गुण एकमेकांशी जुळत नाहीत, आणि इथेही ते फारसे जुळले नव्हते.

घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलची च्युइंगम आणि गोळ्या त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशाच ठेवाव्यात. माणसाला पोटदुखीपलीकडे फारसं काही होत नाही, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने झपाट्याने खाली येते आणि थोड्या मात्रेनेही त्याचा जीव जाऊ शकतो. ही सूचना पहिल्या भेटीच्या चिठ्ठीतच लिहून द्यावी.